नाशिकात बसून कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीन बनवायचा कसा? कॉम्प्युटरपासून फ्लास्कपर्यंत सगळं

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीची पोरं प्रोजेक्टचा विषय शोधायला लागली की आपल्याकडे ठरलेलेच विषय निघतात, द्राक्षाच्या सालीवरची यीस्ट, लासलगावच्या कांद्यावरची काळी बुरशी, रामकुंडाच्या पाण्याची एमपीएन टेस्ट. वाईट काहीच नाही त्यात, पण ज्याला इव्होल्युशन पुस्तकातून बाहेर काढून हातात घेऊन बघायचंय त्याच्यासाठी एक वेगळा रस्ता आहे, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग घरच्या लॅपटॉपवर फुकटात होतो. आजच्या बॅक्टेरियात जुना, म्हणजे खरंच जुना, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीन घालायचा आणि मग तो बॅक्टेरिया त्या जीनसोबत कसा संसार करतो ते बघायचं.

हे कोणी केलंय का, तर हो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये बेतुल काचार आणि एरिक गोशे यांनी ई. कोलायमधला टफ-बी नावाचा जीन काढून त्याच्या जागी अंदाजे ७० कोटी वर्षांपूर्वीचा त्याचा पूर्वज बसवला. हा जीन ईएफ-टीयू नावाचं प्रोटीन बनवतो, जे अमिनो अॅसिड लावलेला टीआरएनए रायबोसोमपर्यंत पोचवतं, म्हणजे पेशीत प्रोटीन बनण्याच्या लाइनवरचा मुख्य हमाल, तो गेला की पेशी गेली. बॅक्टेरिया मेला नाही, पण फिटनेस, म्हणजे वाढीच्या शर्यतीत टिकायची ताकद, निम्म्यावर आला. मग त्यांनी त्या बॅक्टेरियाला २००० पिढ्या वाढवलं. २०१७ साली पेपर आला त्यात दिसलं ते असं की बॅक्टेरियाने ते जुनं प्रोटीन जास्त प्रमाणात बनवायला सुरुवात करून नुकसान बरंचसं भरून काढलं. आपल्याला वाटतं जीन बदलेल, आजच्यासारखा होईल, पण आधी हलला तो त्याच्या आजूबाजूचा कारभार. हे डोक्यात ठेवा, पुढे प्रयोग आखताना हेच कामाला येणार आहे.

आता पहिला गैरसमज काढून टाकू. जुना जीन कुठे दगडात सापडत नाही. आजवर वाचता आलेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलंडचा, साधारण २० लाख वर्षांचा, २०२२ साली प्रसिद्ध झाला. पांडवलेणी ज्या काळ्या दगडात कोरलीयत तो लाव्हाचा दगडसुद्धा साडेसहा कोटी वर्षांचा आहे, आणि आपण बोलतोय त्याच्या दहापट जुन्या जीनबद्दल, तेव्हा डीएनए मिळणं शक्यच नाही. तो जीन गणिताने काढतात. लिनस पॉलिंग आणि एमिल झुकरकँडल यांनी १९६३ मध्येच ही कल्पना मांडली होती, की आजच्या प्राण्यांची प्रोटीन्स शेजारी शेजारी ठेवली तर त्यांच्या पूर्वजाचं प्रोटीन काय होतं ते काढता येईल. ते प्रत्यक्षात यायला १९९० उजाडलं, तेव्हा स्टीव्हन बेनर यांच्या ग्रुपने नामशेष झालेल्या रवंथ करणाऱ्या प्राण्याचं रायबोन्यूक्लिएज लॅबमध्ये बनवलं.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर अवघड नाही. ज्ञानेश्वरी १२९० ची, पुढे नकला होत होत प्रत्येक प्रतीत वेगवेगळ्या चुका शिरल्या, आणि १५८४ साली एकनाथ महाराजांनी त्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली. कुठल्या ओळीत बहुतेक प्रती एकसारख्या, कुठे फाटे फुटलेत, कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरवलेली, हेच आपण अमिनो अॅसिडच्या बाबतीत करतो. फरक एवढाच की ज्ञानेश्वरीचं जुनं हस्तलिखित उद्या कुठल्या मठात सापडूही शकतं, आपलं कधीच सापडणार नाही, त्यामुळे आपली 'शुद्ध प्रत' कायम अंदाजच राहते, आणि तो अंदाज कुठे पक्का आणि कुठे कच्चा हे लिहून ठेवणं हा या कामातला अर्धा जीव आहे.

आधी जीन निवडा, आणि ईएफ-टीयू निवडू नका

ईएफ-टीयूची गोष्ट भारी आहे पण पहिल्या प्रोजेक्टला तो नको. एक तर तो पेशीला अत्यावश्यक, दुसरं म्हणजे ई. कोलायमध्ये त्याच्या दोन कॉप्या असतात, टफ-ए आणि टफ-बी, एक बदलली तर बॅक्टेरिया दुसरीवर भागवून नेऊ शकतो, त्यामुळे दोन्हींचा बंदोबस्त करावा लागतो. शिवाय जीन जवळपास १२०० बेसपेअरचा.

माझा सल्ला थायोरेडॉक्सिन, दुसऱ्या प्रोटीनमधले डायसल्फाइड बंध तोडणारं एक छोटं प्रोटीन. ई. कोलायचं थायोरेडॉक्सिन १ फक्त १०९ अमिनो अॅसिडचं, म्हणजे स्टॉप धरून ३३० बेसपेअर, ऑर्डर द्यायला स्वस्त. जवळपास सगळ्या सजीवांत सापडतं त्यामुळे सिक्वेन्सचा, म्हणजे अमिनो अॅसिडच्या क्रमांचा, तुटवडा नाही. त्याचा जीन काढला तरी ई. कोलाय जगतो. आणि मोजायची टेस्ट साधी आहे, स्पेक्ट्रोफोटोमीटर असला की झालं. २०११ मध्ये १४० ते ४०० कोटी वर्षांपूर्वीची थायोरेडॉक्सिन्स बनवून बघितली गेली, त्यातली काही आजच्यापेक्षा ३२ अंशांपर्यंत जास्त तापमान सहन करणारी निघाली, म्हणजे तुलना करायला छापील डेटाही आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, अँटिबायोटिक रेझिस्टन्सचे जीन, टॉक्सिन, रोगाशी संबंध असलेलं काहीही पूर्वज म्हणून बनवायला घेऊ नका. मोठ्या लॅबमध्ये जुन्या बीटा-लॅक्टमेजवर काम झालंय, त्यांच्याकडे सोयी आहेत. कॉलेजच्या लॅबचं ते काम नाही.

जीनसोबत प्रश्नही ठरवा. 'जुना जीन बनवून बघू' हा प्रश्न नाही. 'प्रोटिओबॅक्टेरियाच्या (ई. कोलाय ज्यात येतो तो मोठा गट) पूर्वजाचं थायोरेडॉक्सिन आजच्या ई. कोलायमध्ये तेवढंच काम करतं का' हा प्रश्न आहे. किती कोटी वर्षं, या आकड्याच्या मागे लागू नका. बॅक्टेरियाचे जीवाश्म तुटपुंजे, वयाचे अंदाज ढोबळ. नात्यांच्या झाडावरची कुठली फांदी ते सांगा, वर्षं सांगायची तर कुणाच्या अंदाजावरून घेतली ते लिहा.

सिक्वेन्स गोळा करणं

युनिप्रॉट, म्हणजे प्रोटीन सिक्वेन्सचा डेटाबेस, उघडायचं, ई. कोलाय के-१२ चं थायोरेडॉक्सिन १ शोधायचं आणि तिथूनच ब्लास्ट, म्हणजे सारख्या सिक्वेन्सचा शोध, मारायचा. हजारो येतील. सगळे घेऊ नका, ९० टक्क्यांपेक्षा जास्त सारखे असलेले एकत्र करणारे क्लस्टर तिथेच तयार मिळतात ते वापरा, नाहीतर तुमच्या यादीत ई. कोलाय आणि साल्मोनेलाचीच जत्रा भरते आणि बाकीच्या फांद्या रिकाम्या. शंभर-दीडशे सिक्वेन्स पुरतात, पण ते सगळ्या फांद्यांवरून यायला हवेत, प्रोटिओबॅक्टेरियातले गॅमा, बीटा, अल्फा, मग फर्मिक्युट्स, सायनोबॅक्टेरिया, आणि मूळ ठरवायला बाहेरचा एक गट, म्हणजे आउटग्रुप.

मग हाताने चाळणी. फ्रॅगमेंट काढा. १०९ च्या जागी २५० लांबीचं काही आलं असेल तर त्याला दुसरं डोमेन चिकटलंय, तेही काढा. थायोरेडॉक्सिनच्या अॅक्टिव्ह साइटला सिस्टीन-ग्लायसीन-प्रोलीन-सिस्टीन असा क्रम असतो, तो नसेल तर ते बहुतेक नात्यातलं दुसरंच प्रोटीन आहे. नावं छोटी आणि स्पेस न ठेवता लिहा, कारण पुढची सॉफ्टवेअर स्पेस दिसली की नाव तिथेच तोडतात आणि मग झाडावर वीस फांद्यांना एकच नाव दिसतं.

अलाइनमेंट, इथे घाई नाही

अलाइनमेंट म्हणजे सगळे सिक्वेन्स एकाखाली एक असे लावणं की जुळणारी अक्षरं एका कॉलममध्ये येतील. त्याला माफ्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरा, ऑनलाइन पण चालतं. एवढ्या छोट्या डेटाला सगळ्यात अचूक आणि हळू असलेला मोड निवडा, चहा पिऊन येईपर्यंत होतं. झाल्यावर जालव्ह्यूमध्ये उघडून डोळ्यांनी बघायचं, आणि 'बघायचं' म्हणजे खरंच वरपासून खालपर्यंत स्क्रोल करायचं. चारही अॅक्टिव्ह साइटचे कॉलम एका रेषेत आहेत का, एकट्या एका सिक्वेन्समुळे सगळ्यांत मोठी गॅप पडलीय का (असेल तर तो सिक्वेन्स बाहेर), सुरुवातीला आणि शेवटी कचरा किती. अलाइनमेंट चुकलं तर पुढचं सगळं नीट चालतं, एरर येत नाही, सुंदर झाड येतं, आणि पूर्वज चुकीचा. गाइडने इथे सही केल्याशिवाय पुढे जाऊ नका असं मी तर म्हणेन.

झाड

नात्यांचं झाड काढायला आयक्यू-ट्री नावाचं सॉफ्टवेअर. मॉडेल, म्हणजे अमिनो अॅसिड कशी बदलतात त्याचं गणित, स्वतःच शोधायला सांगा, तो वेगवेगळी मॉडेल लावून सगळ्यात बसणारं निवडतो. बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची ते मोजायची पद्धत) १००० चा अल्ट्राफास्ट लावा आणि लक्षात ठेवा, यात ९५ च्या वर असेल तरच फांदी भरवशाची समजतात, जुन्या पद्धतीच्या बूटस्ट्रॅपचा ७० चा नियम इथे चालत नाही, व्हायव्हात हा प्रश्न येऊ शकतो.

झाड आलं की आउटग्रुपवर रूट करा आणि मग तुमचं झाड बॅक्टेरियाच्या माहीत असलेल्या नातेसंबंधांशी ताडून बघा. एखादा सायनोबॅक्टेरिया मध्येच प्रोटिओबॅक्टेरियाच्या घरात जाऊन बसला असेल तर कदाचित जीन आडव्या वाटेने, म्हणजे हॉरिझॉन्टल ट्रान्सफरने गेलाय, किंवा १०९ अक्षरांत एवढी माहितीच नाही की झाड नीट सुटावं. लहान प्रोटीनचा हा तोटा आहे. उपाय असा की नाती पक्क्या माहितीवरून ठरवून झाडाची चौकट आधी द्यायची आणि फांद्यांची लांबी तेवढी सॉफ्टवेअरकडून काढून घ्यायची. दोन्ही झाडांवरून पूर्वज काढा आणि ताडा.

पूर्वज काढणं, खरी मजा आणि खरी फसगत

आयक्यू-ट्रीमध्येच पूर्वज काढायचा पर्याय आहे, पीएएमएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरनेही होतं, दोन्ही करून ताडलं तर बेस्ट. मिळते ती एक लांबलचक फाइल, त्यात झाडाच्या प्रत्येक सांध्यासाठी, प्रोटीनच्या प्रत्येक जागेसाठी, वीसही अमिनो अॅसिडची शक्यता लिहिलेली असते. आपल्याला हवा तो सांधा शोधायचा आणि प्रत्येक जागी सगळ्यात जास्त शक्यतेचं अक्षर उचलायचं, झाला पूर्वज.

एवढ्यावर थांबलात तर प्रोजेक्ट कच्चा. समजा सरासरी शक्यता ०.९५ आली, पोरं खूश होतात, ९५ टक्के बरोबर! पण १०९ जागा आहेत, म्हणजे साधारण पाच जागी चूक अपेक्षित आहे, आणि सगळ्याच्या सगळ्या १०९ जागा बरोबर असण्याची शक्यता ०.९५ चा १०९ वा घात, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तुम्ही बनवलेला जीन जसाच्या तसा कधी कुठल्या पेशीत होता, असं म्हणायची सोय नाही. म्हणायचं ते एवढंच की पूर्वज साधारण असा होता, आणि त्याचा स्वभाव असा असावा.

त्या 'असावा'ला बळ कसं द्यायचं, तर दुसरा पूर्वज बनवून. ज्या ज्या जागी दुसऱ्या नंबरच्या अक्षराची शक्यता ०.२ पेक्षा जास्त आहे तिथे सगळीकडे एकदमच दुसरं अक्षर घाला. याला ऑल्ट-ऑल म्हणतात. हा मुद्दाम बिघडवलेला पूर्वज आहे. पहिला आणि हा, दोन्ही टेस्टमध्ये सारखे वागले तर तुमचा निष्कर्ष त्या कच्च्या जागांवर अवलंबून नाही. वेगळे वागले तर निष्कर्ष तिथेच लटकला, पण मग नेमक्या कुठल्या जागा महत्त्वाच्या हे कळलं, तेही कमी नाही.

अजून दोन खड्डे आहेत. गॅपचं गणित ही सॉफ्टवेअर करत नाहीत, अलाइनमेंटमध्ये जिथे बहुतेकांना गॅप आहे तिथेही ती बिनधास्त एखादं अमिनो अॅसिड लिहून देतात, मग पूर्वज १०९ चा १२५ होतो. प्रत्येक गॅपच्या जागी पूर्वजाला अक्षर होतं की नव्हतं हे वेगळं ठरवायचं, आहे-नाही असं शून्य-एक मांडून त्याच झाडावर. दुसरा खड्डा जरा नाजूक आहे. सगळ्यात शक्य अक्षर उचलण्याच्या या पद्धतीत प्रोटीन प्रत्यक्षापेक्षा जास्त टणक निघण्याकडे कल असतो, सरासरी अक्षरं बहुधा स्थिरता वाढवणारी असतात म्हणून. त्यामुळे 'जुनं प्रोटीन जास्त तापमान सहन करतं म्हणजे तेव्हा पृथ्वी गरम होती' ही उडी मारण्याआधी दहादा विचार. गोशे यांच्या ग्रुपने २००८ मध्ये ईएफ-टीयूवरून ३५० ते ५० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात साधारण ३० अंशांची घट दाखवली होती, ते काम गाजलं, पण त्यात एकाऐवजी बरेच पूर्वज होते. एका पूर्वजाच्या जोरावर समुद्राचं तापमान सांगत बसू नका.

मग कोलॅबफोल्डमध्ये सिक्वेन्स टाकून स्ट्रक्चर बघून घ्या, फुकट आहे. विश्वासाचा स्कोअर ९० च्या वर आला तर छान, आला नाही तर कुठेतरी गॅपचा घोळ आहे का बघा. पण स्ट्रक्चर सुंदर दिसलं म्हणून प्रोटीन काम करेलच असं नाही.

इथपर्यंत एक रुपया खर्च नाही, आणि माझ्या मते एवढ्यावरही एक चांगलं डिझर्टेशन होतं. ज्यांच्याकडे लॅबची सोय नाही त्यांनी इथेच दोन-तीन सांध्यांचे पूर्वज काढून, वेगवेगळ्या झाडांनी उत्तर किती बदलतं ते दाखवावं. लॅबवाल्यांनी पुढे वाचा.

ऑर्डर देण्याआधी परवानगी

बॅक्टेरियात बाहेरचा जीन घालणं म्हणजे रिकॉम्बिनंट डीएनएचं काम, आपल्याकडे ते पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खालच्या १९८९ च्या नियमांत येतं आणि बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना त्याला लागू होतात. संस्थेची बायोसेफ्टी कमिटी लागते, आयबीएससी म्हणतात ती. ई. कोलाय के-१२ आणि निरुपद्रवी जीन हे सगळ्यात खालच्या धोक्याच्या गटातलं काम, कागदपत्रं फार नाहीत, पण कमिटीच नसेल तर 'छोटंसं तर आहे' म्हणून दामटून नेऊ नका. कमिटी असलेल्या संस्थेत हा भाग करा. आपण पुणे विद्यापीठाखाली येतो, आणि पुण्यात आयसर आहे, एनसीएल आहे, एनसीसीएस आहे, जिथे असं काम चालतं. तयार पूर्वज, ऑल्ट-ऑल आणि झाड घेऊन मेल केला तर उत्तर येण्याची शक्यता 'सर मला इंटर्नशिप हवी' या मेलपेक्षा कितीतरी जास्त, हे नक्की.

कचऱ्याचंही आत्ताच ठरवा. प्रत्येक फ्लास्क, प्रत्येक प्लेट ऑटोक्लेव्ह होऊनच बाहेर, १२१ अंश आणि भरपूर वेळ, मोठ्या फ्लास्कला २० मिनिटं पुरत नाहीत. बेसिनमध्ये ओतलेलं शेवटी कुठे जातं हे नाशिककराला सांगायला नको.

जीन मागवणं आणि प्रोटीन बनवणं

अमिनो अॅसिडचा क्रम परत डीएनएत लिहायचा, ई. कोलायला सोयीचे कोडॉन (एका अमिनो अॅसिडसाठीची डीएनएची तीन अक्षरं) निवडून. कंपन्यांच्या साइटवर हे आपोआप होतं. तीन जीन मागवा: पूर्वज, ऑल्ट-ऑल, आणि आजचं ई. कोलायचं थायोरेडॉक्सिन. तिसरं कशाला, ते तर बॅक्टेरियात आहेच की, असं वाटेल, पण तुलना न्याय्य व्हायला तिन्ही एकाच प्लास्मिडमध्ये (बॅक्टेरियात क्रोमोझोमपासून सुटा राहणारा डीएनएचा छोटा गोल), एकाच टॅगसह, एकाच पद्धतीने कोडॉन निवडून यायला हवेत. पेट सिरीजचं प्लास्मिड, हिस्टिडीन टॅग, बीएल२१ डीई३ स्ट्रेन, आयपीटीजी, हे नेहमीचंच, त्यावर वेळ घालवत नाही.

एक जुगाड मात्र सांगतो. थायोरेडॉक्सिन उष्णतेला भलतंच चिवट आहे, त्यामुळे पेशी फोडल्यावर तो रस ७०-७५ अंशांवर दहा मिनिटं ठेवून सेंट्रिफ्यूज केला की बाकीची बरीच प्रोटीन्स खाली बसतात आणि आपलं वर राहतं. निकेल कॉलम जपून वापरता येतो. पण याच चिवटपणामुळे 'गरम करून गार करून टेस्ट करू' असा टिकाऊपणाचा प्रयोग फसतो, कारण ते उलगडलं तरी गार झाल्यावर बऱ्याचदा परत घडी घालून घेतं आणि तुम्हाला सगळेच टिकाऊ दिसतात. मेल्टिंग पॉइंट हवा असेल तर डीएससी किंवा सीडी मशीन असलेली लॅब गाठा.

कामाची टेस्ट अशी. इन्सुलिनच्या दोन साखळ्या डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या असतात, थायोरेडॉक्सिन डीटीटी या रिड्यूसिंग केमिकलच्या मदतीने ते बंध तोडतं, एक साखळी सुटून गढूळ होते, ६५० नॅनोमीटरला ओडी, म्हणजे गढूळपणाचं माप, वाढत जाते. फॉस्फेट बफर पीएच ७, थोडं ईडीटीए, इन्सुलिन, डीटीटी, आणि शेवटी एन्झाइम. मेडिकलमधलं इंजेक्शनचं इन्सुलिन नको, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतं, लॅब ग्रेडच घ्या. एन्झाइम न घातलेला कंट्रोल प्रत्येक वेळी हवाच, कारण नुसतं डीटीटीसुद्धा हळूहळू तेच काम करतं. तिन्ही प्रोटीनची मात्रा आधी नीट मोजून सारखी करा, नाहीतर जास्त वेगवान कोण हे ठरवताना तुम्ही पिपेटिंगच मोजत बसाल.

जिवंत बॅक्टेरियात

थायोरेडॉक्सिनचा जीन काढून टाकलेला ई. कोलाय तयार मिळतो, जपानच्या केयो (Keio) कलेक्शनमध्ये एकेक जीन उडवलेल्या जवळपास चार हजार स्ट्रेन आहेत त्यात. त्यात तुमचे तीन जीन घालून वाढीचे कर्व्ह काढा. अजून एक मजेशीर टेस्ट आहे, टी७ फाज. हा व्हायरस स्वतःचा डीएनए कॉपी करायला बॅक्टेरियाचंच थायोरेडॉक्सिन वापरतो, ते नसेल तर त्याची डाळ शिजत नाही. २०१७ मध्ये दाखवलं गेलं की काही पूर्वज थायोरेडॉक्सिन्स बॅक्टेरियाला चालतात पण टी७ ला चालत नाहीत, म्हणजे जुना जीन घेऊन बॅक्टेरिया व्हायरसला चकवतो. प्लाक आले की नाही एवढंच बघायचं. फक्त फाजचं काम वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिपेटने, कारण एकदा फाज लॅबभर पसरला की शेजारच्या टेबलावरचे कल्चरही साफ.

प्लास्मिड या भागापर्यंत चालतं, उत्क्रांतीच्या भागाला नाही. एका पेशीत प्लास्मिडच्या कितीतरी कॉप्या असतात, आणि काचार-गोशेंच्या प्रयोगात सगळा खेळच प्रोटीन किती बनतं यावर होता. जीन क्रोमोझोमवर, मूळच्या जागी, मूळच्याच प्रमोटरखाली (जीन किती चालायचा ते ठरवणारा त्याच्या आधीचा डीएनए) बसवायला हवा, लॅम्डा रेड पद्धतीने. आणि आजचा जीनही तसाच काढून परत तसाच बसवलेला कंट्रोल हवा.

मग रोजचा रतीब. ही पद्धत रिचर्ड लेन्स्की यांची, २४ फेब्रुवारी १९८८ ला १२ फ्लास्कवर सुरू झालेला त्यांचा प्रयोग अजून चालू आहे. ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १० मिली कमी ग्लुकोजचं मीडियम, ३७ अंश, शेकर, आणि रोज ०.१ मिली घेऊन ९.९ मिली ताज्या मीडियममध्ये. शंभरपट पातळ केलं की बॅक्टेरिया परत तेवढे व्हायला ६.६४ पिढ्या लागतात, म्हणजे ५०० पिढ्यांना ७५ दिवस आणि २००० पिढ्यांना ३०० दिवस. एका सेमिस्टरमध्ये ५०० धरा. रूम टेंपरेचरला ठेवू असं म्हणू नका, आपल्याकडे जानेवारीत निफाडची थंडी आणि मेमध्ये चाळिशी, त्यात बॅक्टेरिया हवामानाशीच जुळवून घेत बसतील.

पूर्वजवाल्या किमान चार लाइन, म्हणजे वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये रोज पुढे नेलेल्या चार वंशावळी, आणि कंट्रोलच्याही चार. कंट्रोलच्या एवढ्या लाइन बघून पोरं कुरकुरतात, पण बॅक्टेरिया फ्लास्कमधल्या आयुष्याशीही जुळवून घेतात, जीन कुठलाही असो. पूर्वजवाली लाइन ५०० पिढ्यांत सुधारली हे काहीच सांगत नाही, ती कंट्रोलपेक्षा जास्त किंवा वेगळ्या वाटेने सुधारली का, ते बघायचंय. फ्लास्कची रांग लावताना लाल आणि पांढऱ्या कॉलनी देणाऱ्या स्ट्रेन एकाआड एक ठेवा, टेट्राझोलियम-अरॅबिनोज प्लेटवर रंग दिसतो, म्हणजे शेजारच्या फ्लास्कचा थेंब इकडे पडला तर लगेच पकडला जातो. एक फ्लास्क नुसत्या मीडियमचा, तो गढूळ झाला की त्या दिवसाचं सगळं संशयित.

दर १०० पिढ्यांना, म्हणजे पंधरवड्याला, ग्लिसरॉल घालून उणे ८० ला स्टॉक. दिवाळीत शेकर कोण सांभाळणार, एमएसईबीने लाइट घालवली तर काय, या सगळ्याचं उत्तर हा फ्रीजर, जिथे बिघडलं तिथल्या आधीच्या स्टॉकवरून परत सुरू करायचं. लेन्स्कींच्या एका लाइनला ३१,५०० पिढ्यांच्या आसपास सायट्रेट खायची सोय झाली, ती कशी आणि कधीपासून जमत गेली हे त्यांना गोठवलेल्या जुन्या पिढ्या परत जिवंत करूनच शोधता आलं.

शेवटी दोन मोजमापं. फिटनेससाठी सुरुवातीचा आणि शेवटचा बॅक्टेरिया, एक लाल एक पांढरा, निम्मे-निम्मे एकाच फ्लास्कमध्ये सोडायचे आणि २४ तासांनी कोण किती वाढला ते प्लेटवर मोजायचं. रंगाचा स्वतःचा काही परिणाम नाही ना हे आधी तपासून घ्या. आणि पूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग, जे बाहेरून करून घ्यावं लागतं, डेटा आला की ब्रेसेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर म्यूटेशनची यादी काढून देतं. सुरुवातीची स्ट्रेनही सिक्वेन्सला पाठवा, कारण जीन बसवताना झालेले बदल नंतर उत्क्रांती म्हणून मोजले जाऊ शकतात.

यादी हातात आली की आधी जुन्या जीनमध्ये बघायचा मोह होतो. तिथे काही नसेल तर निराश होऊ नका, आधी त्याच्या प्रमोटरमध्ये बघा, मग थायोरेडॉक्सिन रिडक्टेजमध्ये, जे त्याला परत चार्ज करतं, मग ग्लुटारेडॉक्सिनच्या बाजूला, जे त्याचं अर्धं काम उचलू शकतं. कंट्रोलमध्येही आलेली म्यूटेशन्स खोडून टाका. जे उरेल, आणि चारपैकी दोन-तीन लाइनमध्ये एकाच जीनमध्ये उरेल, त्याच्यावर चॅप्टर लिहा. काहीच उरलं नाही तर ५०० पिढ्या कमी पडल्या असतील किंवा तुमचा पूर्वज आजच्या पेशीत मुळातच सुखाने नांदत असेल, आणि या दोन्हीतलं कुठलं ते पहिल्या दिवशीच्या फिटनेसच्या आकड्यावरून कळतं, म्हणून ती टेस्ट शेवटासाठी न ठेवता पहिल्याच आठवड्यात करून ठेवा.